ज्यानं जोडली, त्यानं मागे बसायचं

गुळगुळीत जोड दिसला की अजूनही माझं डोकं फिरतं. कुणाच्या गेटचा असो, जिन्याच्या कठड्याचा असो. मालक कौतुकानं त्यावर हात फिरवतो आणि म्हणतो, "पाहा, कुठे जोडलं ते कळत पण नाही." कळायलाच पाहिजे, असं मी त्याला तोंडावर सांगतो. बायको म्हणते, लोकांच्या गेटांशी तुमचं काय वैर आहे? तिला सगळं ठाऊक आहे, तरी विचारते.

मी कोराडीला वीज केंद्रात बॉयलरचा वेल्डर. तेवीस वर्षं हेच काम केलं. बॉयलरच्या नळीचा जोड नुसता डोळ्यांनी पाहून कुणी पास करत नाही, त्याचा एक्स-रे काढतात. माझे जोड परत येत नसत आणि याचा मला माज होता. दुसरा सौम्य शब्द शोधला, सापडला नाही. वेल्डिंगचं सर्टिफिकेट मी घरात बुद्धाच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलं होतं, यावरून काय ते समजा.

सुटीच्या दिवशी क्वार्टरमागच्या शेडमध्ये मी जुन्या मोटारसायकली कापायचो आणि हव्या तशा पुन्हा जोडायचो. कुणाला मागचा भाग आखूड हवा, कुणाला टाकी लांबट हवी. असे शौकीन आमच्या गटात पंधरा-वीस होते. बँकेतला एक, दोन मास्तर, एक दातांचा डॉक्टर. रविवारी सकाळी कोराडी रोडच्या टपरीवर तर्री-पोहे खायचे आणि एकमेकांच्या गाड्यांभोवती गोल गोल फिरायचं. नवी नंबरप्लेट लावली तरी माणूस ती सगळ्यांना दिसेल अशी गाडी तिरपी लावायचा. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, एका कॉलेजच्या मैदानावर आमचा मेळावा भरायचा आणि सगळ्यात देखण्या गाडीला बक्षीस असायचं. त्या दिवशी मात्र घरचं लग्न असावं तसे सगळे नटून यायचे.

मेळाव्याचा एक नियम होता आणि तो मीच आणला होता. नवी बांधलेली गाडी मैदानात पहिली फेरी मारते, तेव्हा तिची चेसिस ज्यानं जोडली त्यानं मागे बसायचं. मालक चालवेल, जोडणारा मागे. झालं असं होतं की आमच्यातल्या एकाची गाडी कन्हानच्या पुलाआधी मागून मोडली होती. नशीब, नुसतं गळ्याचं हाड गेलं. ज्यानं जोडली होती तो हात झटकून म्हणाला, रस्ताच खराब आहे त्याला मी काय करू. तेव्हा मी टपरीवर सगळ्यांसमोर बजावलं होतं, आपल्या जोडावर आपण बसायचं नसेल तर मशीनला हात लावू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं होतं.

गटात माझा खरा दोस्त एकच, गांधीबागेतला कापडाचा ठोक व्यापारी. अंगानं भारी, बोलण्यात गोड. लोखंडाला हात लावायचा तोही कापडासारखा, अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून. त्याच्या वडिलांची जुनी साडेतीनशे सीसीची गाडी गोदामात गठ्ठ्यांमागे पडून होती. तिचं पुढचं चाक लांब काढायचं, हँडल उंच करायचं, असं त्याच्या मनात आलं. म्हणजे जिथे हँडल बसतं तो चेसिसचा गळा कापायचा आणि मागे झुकवून परत जोडायचा. गाडीतला सगळ्यात जोखमीचा जोड हाच. तो सुटला तर पुढचं चाक वेगळं आणि माणूस वेगळा.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, कामठी रोडवर एकदा स्कूटरवरून पडल्या होत्या. तेव्हापासून दुचाकीवर बसणं बंद. लग्नाला जायचं तरी हा गाडीवर पुढे आणि त्या ऑटोत मागे. गळा कापला त्या दिवशी त्या सांभारवडीचा डबा घेऊन शेडवर आल्या. चेसिसचे दोन तुकडे पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"भाऊजी, हे पुन्हा एक होते का?"

"वहिनी, होतं त्याच्याहून पक्कं होईल."

त्यांनी तुकड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही जोडून राहिले ना? मंग मी बसीन. तुमची फेरी झाली की एक चक्कर मारीन."

दोस्त तर उडालाच. अकरा वर्षांत जे त्याच्या विनवण्यांनी झालं नव्हतं ते माझ्या नावानं झालं. मी वरवर हसलो, पण आतून फुगलो होतो.

जोड मी मनापासून केला. एकावर एक तीन थर, प्रत्येक थरानंतर ब्रश मारून साफ. वर वेल्डचा चांगला उंचवटा ठेवला आणि दोन्ही बाजूंनी जाड तिकोनी पट्ट्या लावल्या, जोर त्यांच्यावर यावा म्हणून. देखणं नव्हतं. पण बॉयलरवर असतं तर साहेबानं न बोलता सही केली असती. दोस्तानं कौतुकानं फोटो काढला आणि गटाच्या ग्रुपवर टाकला.

दातांच्या डॉक्टरनं खाली लिहिलं, "वेल्डिंग केलं का शेण थापलं?" त्याखाली दहा-बारा हसरे चेहरे. मग बँकवाल्यानं बाहेरच्या कुठल्याशा गाडीचा फोटो टाकला, आरशासारखा गुळगुळीत गळा, आणि लिहिलं, "याले म्हणतात काम."

त्या डॉक्टरनं आयुष्यात स्वतःच्या गाडीचा एक बोल्ट आवळला नव्हता. गाडी तयार विकत आणायची, फडक्यानं पुसायची आणि सोबत फोटो काढायचे, एवढाच त्याचा शौक. तो मला वेल्डिंग शिकवणार? तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवर काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शेड उघडलं, ग्राइंडर लावला आणि माझाच जोड घासायला घेतला.

घासू नये, हे मला पक्कं ठाऊक होतं. उंचवटा घासला की जोड पातळ होतो. मी नव्या मुलांना हेच शिकवायचो आणि कुणी ग्राइंडर जास्त चालवला तर शिव्याही घालायचो. तरी घासत गेलो. उंचवटा गेला, पण पट्ट्या राहिल्या आणि त्या आता जास्तच बोजड दिसायला लागल्या. मग त्याही कापल्या. तासाभरानं गळ्यावरून बोट फिरवलं, कुठेच काही लागलं नाही. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. डॉक्टरनं अंगठा दिला. आणि मला आनंद झाला! आज हे लिहिताना स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

संध्याकाळी दोस्त आला. त्यानं गळ्यावर अंगठा फिरवला.

"पट्ट्या काहून कापल्या गा?"

"गरज नव्हती त्यांची."

"पक्कं आहे ना पण?"

"कापड तू पाह्य, लोखंड मी पाहतो."

तो हसला आणि गेला. इतक्या सरळ माणसाशी खोटं बोलायला काहीच कष्ट पडत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. पेंटरनं वरून थोडी लांबी भरली, म्हणजे पुट्टी, आणि त्यावर गडद निळा रंग दिला. गाडी खरोखर सुंदर झाली. मेळाव्याआधी आठ-दहा दिवस तो ती एकटाच गांधीबागेच्या खड्ड्यांतून फिरवत होता आणि रोज फोन करून सांगत होता, लोक दुकानातून बाहेर येऊन पाहतात म्हणून. मी हूं हूं करत होतो. फोन ठेवला की मला जेवण जात नव्हतं.

मेळाव्याच्या सकाळी मैदानावर तीस-चाळीस गाड्या उभ्या होत्या. प्रत्येकीपुढे पुठ्ठ्याची पाटी, वर मालक, खाली जोडणारा. निळ्या गाडीपुढच्या पाटीवर माझं नाव दोस्तानं स्वतः लाल रंगानं लिहिलं होतं, त्याच्या नावापेक्षा मोठं. तिच्याभोवती सगळ्यात जास्त गर्दी होती. डॉक्टरनं माझ्या पाठीवर थाप मारली. वहिनी सलवार-कुर्ता घालून, ओढणी कमरेला गाठ मारून आल्या होत्या. हेल्मेटही नवं.

पहिल्या फेरीसाठी आमचं नाव पुकारलं. दोस्त गाडीवर बसला, मागची सीट थोपटली, म्हणाला, "ये गा."

माझा हात आपोआप कमरेवर गेला. "कंबर धरली आहे सकाळपासून. मले नाही जमणार आज."

हे वाक्य मी ठरवून आलो नव्हतो. पण ते इतकं चटकन तोंडातून निघालं की माझं मलाच कळलं, मी आठ दिवसांपासून ते शोधत होतो.

गटातले ओरडले, नियम म्हणजे नियम. दोस्तानंच मला वाचवलं. "अरे, त्याची कंबर खरंच दुखून राहिली असंल. त्याच्या बदल्यात तुमची वहिनी बसते. तिचा त्याच्यावर भरवसा आहे, तं एकच झालं ना!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी हेल्मेट घातलं, दोस्ताच्या खांद्याला धरलं आणि चढल्या. अकरा वर्षांनी. चढल्यावर माझ्याकडे पाहून हसल्या.

पहिल्याच किकमध्ये गाडी सुरू झाली. क्लच सुटला, चाक फिरलं. मी पाहत उभा होतो. दहा-बारा फूट गाडी गेली तोवर मी नुसता पाहत उभा होतो, हे मी लपवणार नाही. मग धावलो, हँडल धरलं आणि चावी काढून घेतली.

"उतर! वहिनी, उतरा खाली! अक्कल आहे का तुले? बायकोले बसवून राहिला!"

"काय झालं गा? काहून ओरडून राहिला?"

मी चावीच्या टोकानं गळ्यावरचा रंग खरवडायला लागलो. निळा रंग निघाला, खालची पिवळट लांबी निघाली, मग कोरं लोखंड. चीर दिसेल, सगळ्यांना दाखवता येईल, असं मला वाटलं होतं. काही दिसलं नाही. गुळगुळीत लोखंड उन्हात चमकत होतं.

कुणीतरी हसलं. डॉक्टर म्हणाला, "बक्षीस मालकाले भेटणार म्हणून पोटात दुखून राहिलं याच्या." दोस्ताचा चेहरा लालबुंद झाला होता. "माह्या बापाची गाडी आहे हे," एवढंच तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. मी चावी दिली नाही. शेवटी टेम्पो बोलावून गाडी माझ्या शेडवर आणली, तो टेम्पोत पुढे ड्रायव्हरजवळ बसला आणि मी मागे गाडी धरून.

दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर मी गळा पूर्ण साफ केला. डोळ्यांना न दिसणारी चीर शोधायला आमच्याकडे एक लाल औषध असतं. ते फवारायचं, पुसायचं, मग वरून पांढरं फवारायचं. चीर असेल तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. पाच मिनिटांत जोडाच्या कडेनं लाल रेघ उमटली, नखाएवढी, केसासारखी बारीक. मग ती हळूहळू जाड झाली.

"तुह्या जोडाले?" तो म्हणाला.

मग मी सगळं सांगितलं. शेण, हसरे चेहरे, ग्राइंडर, पट्ट्या, कंबर. तो स्टुलावर बसून ऐकत होता. मला वाटलं शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

"हे काल मैदानावर काहून नाही बोलला?" तो म्हणाला. "मी घासलं म्हणाला असता, तं काय झालं असतं? तू माह्यावर ओरडला गा. माही अक्कल काढली. तिच्यासमोर."

डॉक्टरवर मी आजही चिडतो, पण तो राग सोपा आहे. त्यानं चार शब्द लिहिले. ग्राइंडर माझ्या हातात होता. मैदानावरही मी खरं बोलायला धावलो नव्हतो, चीर दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर टाकायला धावलो होतो.

जोड मी पुन्हा उघडला आणि नव्यानं केला. तीन थर, वर उंचवटा, दोन्हीकडे पट्ट्या, आधीपेक्षाही जाड. घासलं नाही. लांबी भरू दिली नाही, वर फक्त काळा रंग मारला. ग्रुप मी सोडला होता, त्यामुळे फोटो कुणाला पाठवायचा प्रश्न नव्हता.

गाडी तयार झाली त्या दिवशी दोस्त वहिनींना घेऊन आला. त्या कोराडीच्या बसनं आल्या होत्या आणि तो त्यांच्या आधी येऊन थांब्यावर उभा होता. नियमाप्रमाणे मी मागे बसलो. कॉलनीच्या गेटपासून कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यानं मोठ्या चौकापर्यंत आणि परत. रस्ता राखेनं भरलेला, खड्डे मोजता येणार नाहीत इतके. मी प्रत्येक खड्ड्यावर त्या जोडाकडे कान लावून बसलो होतो. जोड गप्प होता.

परत आलो तेव्हा वहिनी शेडच्या दाराशी उभ्या होत्या. हातात हेल्मेट नव्हतं. मी उतरलो.

"भाऊजी, कंबर कशी आहे आता?"

"बरी आहे, वहिनी."

त्यांनी मान हलवली. "त्या दिवशी पण बरीच असंल."

आणि त्या बसच्या थांब्याकडे चालायला लागल्या. दोस्तानं गाडी वळवली आणि त्यांच्या बाजूनं, त्यांच्या चालीनं, हळूहळू निघाला. मागची सीट रिकामीच होती.