मामांचं एक नंबरचं टेबल

उभ्या दिल्लीत सरळ रेषेत चालणारा एकच माणूस होऊन गेला, तो म्हणजे आमच्या हिचे मामा. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते दिल्लीच्याच द्वारका उपनगरात राहायला आले, तेव्हा तिथं मेट्रो यायची होती, पाणी टँकरनं येई आणि माणसांपेक्षा अर्धवट इमारतीच जास्त होत्या. मामांच्या दारातल्या कुंड्या मात्र पहिल्या दिवसापासून गेरू-चुना लावून रांगेत उभ्या. आमच्याकडे आले की चहाआधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत. त्यांच्याकडे साधी पकड मागितली तरी वहीत सही करावी लागे. म्हणायचे, "अविश्वास नाही जावईबापू, पण सही असली की सामान परत येतं."

या सहीचं मूळ मला मामींनी सांगितलं. छावणीतल्या क्वार्टरमध्ये पलंग, खुर्च्या, टेबलं सगळी सरकारी आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. बदली झाली की सगळं मोजून परत करायचं. दोघांनी अख्खा संसार परत करायच्या सामानावर केला होता. म्हणून द्वारकेच्या घरी टेलिफोन लागणार असं कळताच मामांनी जाहीर केलं, "त्याचं टेबल मी बनवणार. आपलं स्वतःचं, पहिलं!"

तीन आठवडे गॅलरीत रंधा चालला. फळी त्यांनी कीर्तिनगरच्या लाकूडबाजारातून बसमध्ये मांडीवर घेऊन आणली होती. रंग आधी खालच्या बाजूला लागला, तोही दोन हात, कारण "इन्स्पेक्शनवाला आधी खाली बघतो." शेवटी वर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध आला आणि मामांनी मिशीवरून हात फिरवला. मला सांगायला लाज वाटत नाही, इतकं देखणं टेबल मी शोरूममध्येही पाहिलेलं नाही.

शेजाऱ्यांसमोर आम्ही ते हॉलमध्ये आणून ठेवलं. मामींनी वर पेन ठेवलं. ते घरंगळत जाऊन खाली पडलं.

"अहो, कललंय," मामी हळूच म्हणाल्या.

गॅलरीच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार होता आणि मामांनी पाय त्या उतारावर बेतले होते. मामांचा चेहरा पाहवेना. मी म्हटलं, "दोन पाय जरा तासू या."

"तासायचं नाही! ते सरळ आहे. त्याची ड्युटी गॅलरीत."

फोन लावायला आलेला माणूस चक्रावला. "अंकल, बालकनी में फोन कौन लगवाता है?"

"जहाँ टेबल, वहाँ फोन।"

त्यानंतर दर रविवारी, धुक्यातसुद्धा, मामा माकडटोपी घालून गॅलरीत बसत. फौजेत सीमेवर असलेल्या त्यांच्या मुलाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "बोल बेटा, आपल्या टेबलावरून बोलतोय!" हे अख्ख्या सेक्टरला ऐकू जाई आणि मलाही उगीच माझीच छाती फुगल्यासारखी वाटे.

पुढे मुलाची सीमेवरून बदली झाल्यावर मामा-मामी त्याच्याकडे राहायला निघाले, तेव्हा टेबल मला मिळालं. मामांनी ते उलटं करून दाखवलं. खाली पांढऱ्या रंगात नंबर होता: १. मी सवयीनं वही मागितली.

"सही नको," मामा म्हणाले. "हे परत करायचं नसतं."

आज ते आमच्या उताराच्या गॅलरीत अगदी सरळ उभं आहे. मामा नाहीत. कधी वाटतं, हट्टानं सही करायला हवी होती. परत करायच्या निमित्तानं तरी त्यांच्याकडे एक चक्कर झाली असती.