महिपतच्या अर्जातला भारी शब्द

पोलादपूरच्या भाताच्या गिरणीवर महिपत डिझेल इंजिन सांभाळायचा. इंजिन कुरकुरलं की स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि आत काय झिजलंय ते सांगायचा. तालुक्यातले पंपवाले त्याला शोधत यायचे. तो कधी चुकल्याचं मला आठवत नाही. चुकलो मी.

चौऱ्याऐंशी साली महाडच्या एका नव्या रसायन कारखान्यात भरती निघाली. अर्ज इंग्रजीत करायचा होता. आमच्या बौद्धवाडीत इंग्रजी येणारा मी एकटा शाळामास्तर, त्यामुळे जगातलं सगळं इंग्रजी आपल्याच पिशवीत आहे असा माझा समज. महिपत म्हणाला, "गुरुजी, मी इंजन बघतो, येवढंच लिवा."

एवढंच? वाडीतला पहिला माणूस कारखान्यात जाणार, आणि त्याच्यासाठी शब्द इतका साधा? मी डिक्शनरी काढली. मशीन तर शिंप्याकडेही असतं. इंजिन म्हटलं की आगगाडी आठवते. मोटार लिहिलं तर साहेब त्याला ड्रायव्हर समजेल. इक्विपमेंट बरा वाटला, पण ॲपरेटसपुढे तोही फिका. ॲपरेटस मी शास्त्राच्या पुस्तकात वाचला होता, त्याला वजन होतं. 'बारा वर्षे ॲपरेटस हाताळण्याचा अनुभव' असं मी ठसठशीत इंग्रजीत लिहिलं आणि महिपतला दोनदा वाचून दाखवलं. त्या बापड्याने मान डोलावली.

नोकरी लागली. वाडीत पेढे वाटले, पहिला मला. महिन्याभराने कळलं की साहेबाने त्याला प्रयोगशाळेत नेमलंय. तिथे ॲपरेटस म्हणजे काचेच्या नळ्या, चंबू, नरसाळी. महिपत दिवसभर ती धूत होता. त्याची बायको सोनाबाई मात्र खूश होती. "ह्यांचं हात बघा गुरुजी, कसं सायबासारकं झालंत! तेलाचा डाग नाय." मी हसलो. काय करणार?

तीन वर्षांनी तिथेच फिटरची जागा निघाली. महिपत पुन्हा माझ्याकडे आला. "आता तरी इंजन लिवा." लिहिलं, अगदी साध्या शब्दांत. उत्तर आलं की मूळ अर्जात यंत्रकामाचा उल्लेख नाही, सबब विचार करता येत नाही. महिपतने साहेबाला गाठलं, एकदा हातात पाना देऊन तरी बघा म्हणाला. साहेबाने फाइल उघडून माझ्या ठसठशीत ओळीवर बोट ठेवलं. परत जावं तर गिरणी तोवर विजेवर गेली होती.

मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "महिपत, तुझ्या हातचं काम माझ्यामुळे गेलं."

"नाय वो गुरुजी," तो मलाच समजावू लागला. "शब्द तुमी चांगलाच लिवलात. मीच त्याला पुरा पडलो नाय."

त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने घरी आलो असतो.