हुंगेबुवा आणि बिनवासाचं खत

म्हातारा आधी हुंगायचा, मग विश्वास ठेवायचा. दूध हुंगायचा, बियाणं हुंगायचा, आणि कुणी फार गोड बोललं की त्याच्याकडेही नाक उडवून बघायचा. लोकांनी त्याचं नाव हुंगेबुवा पाडलं ते काही उगाच नाही. शेणखत मुरलं की नाही, हे तो मूठभर नाकाशी धरून सांगे, आणि चाळीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. माणसाचं इतकं बरोबर येऊ नये, डोक्यात जातं.

सुनेनं गोठ्यामागे गोबरगॅस बसवून घेतला. चुलीच्या धुरानं तिला जडलेला खोकला दोन महिन्यांत गेला. त्याबद्दल म्हाताऱ्याची तक्रार नव्हती. तक्रार होती ती खत म्हणून टाकीतून बाहेर येणाऱ्या काळ्या, पातळ स्लरीबद्दल. त्यानं ती हुंगली, तर वासच नाही!

"सत्त्व सगळं तुझ्या शेगडीत जळलं. हा नुसता चोथा," तो म्हणाला.

"बाबा, जळतो तो गॅस. पिकाचं खाणं यातच राहतं."

"मग वास कुठं गेला?"

वास नाही म्हणजे कस नाही, हे त्याच्यापुरतं ठरलं होतं. त्यानं बजावलं, "यंदा भात आणि मूग दोन्ही नीट आले तर ठीक. एकानं जरी दगा दिला, तर गोबरगॅसचा खड्डा बुजवणार." म्हणजे पुन्हा चूल आणि पुन्हा खोकला. सून कामाला लागली.

खालच्या खाचरात तिनं भाताला स्लरी भरपूर सोडली. वरच्या तुकड्यात मुगाला मात्र पेरणीआधी एकदाच, तीही हात राखून. म्हाताऱ्याच्या मनात पाल चुकचुकली. आधीच माल पाणचट, त्यात हिचा हात आखडता! उरलेली जाते कुठं? चार घरं सोडून हिची बहीण राहते. तिची भाजी यंदा भलतीच तरारली होती.

मुगावर त्याचा जीव होता. बायको असताना दोघांनी दाणा दाणा निवडून राखलेलं ते बियाणं. मग काय, दुपारी घर आडवं झालं की बुवा बादली उचलायचा. स्लरी पाण्यात कालवायची आणि मुगाच्या ओळींत गुपचूप ओतायची. कुंपणालगतच्या दोन ओळी तेवढ्या राहायच्या.

सूनही संध्याकाळी त्याच तुकड्यात घुटमळायची. वाकून काहीतरी उचलायची आणि तोंडात घालायची. चोरून शेंगा खाते की काय? पण शेंगा होत्याच कुठं!

भात झकास आला. मूग मांडीला लागला, काळाभोर, पण नुसता पाला. शेंगा शोधाव्या लागत होत्या. म्हातारा फावडं घेऊन खड्ड्याकडे निघाला, तशी सुनेनं त्याचा हात धरला आणि त्याला कुंपणापाशी नेलं. तिथं दोन ओळी गुडघ्याएवढ्याच, पण शेंगांनी लगडलेल्या. तिनं एक रोप इथलं उपटलं, एक पलीकडचं. इथल्याच्या मुळांवर गाठीच गाठी, पलीकडचं मूळ बोडकं.

"मूग आपलं खाणं या गाठींत स्वतः तयार करतो, बाबा. आयतं मिळालं की गाठी धरत नाही, नुसता माजतो. पण मी तर एकदाच घातलं होतं. मग पलीकडचा माजला कसा?"

गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. म्हाताऱ्यानं बोडकं मूळ नाकाशी नेलं आणि खाली केलं.

"माझी कंबर," तो म्हणाला. "इथवर बादली आणवत नव्हती."

सुनेनं हातातलं रोप खाली टाकलं. "म्हणजे तुम्ही स्लरी ओतत होतात?"

"मग तुला काय वाटलं?"

"पाऊस नसला तरी माती ओली दिसायची. मला वाटलं, खड्डा बुजवायला निमित्त हवं म्हणून तुम्ही मिठाचं पाणी घालताय. रोज चाखून बघत होते."

म्हाताऱ्याला संताप यायला हवा होता. पण सुनेच्या बहिणीची भाजी आठवली आणि त्यानं एवढंच विचारलं.

"खारट लागली कधी?"

"एकदाही नाही."

"तरी विश्वास बसला नाही?"

"आठ वर्षं तुमच्याच घरात राहतेय, बाबा."

म्हाताऱ्यानं फावडं कुंपणाला टेकवलं आणि कंबरेवर हात ठेवून तो बियाण्यासाठी शेंगा तोडायला वाकला.