रुईची पानं

आमच्या गावची जमीन काळीभोर, उसाची. घरामागचा पट्टा तेवढा ओढ्यानं आणून टाकलेल्या वाळूचा. तिथं कुळीथसुद्धा धड येत नसे. थोरल्या भावानं, माझ्या दादानं, तिथं रुई, तरवड आणि खुळखुळा लावला. गाव हसलं. माळावर आपोआप उगवतं ते कुणी मुद्दाम पेरतं का? पण दादाला फुलपाखरांचं भारी वेड. पलटणीत जाताना त्यानं मला बजावलं, "पाणी बेतानं घाल, न्हाईतर मुळं कुजतील. आन् रुईवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या मारू नको. त्यांचीच फुलपाखरं व्हत्यात." मी दहा वर्षांची होते आणि अंगात नको तेवढा शहाणपणा होता.

त्याच साली लढाई पेटली, तशी आई दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालू लागली. पण अळ्यांनी पानांची चाळण केलेली. "भोकाचं पान देवाला चालत न्हाई. येचून टाक त्या अळ्या," आई म्हणाली. अळीचं फुलपाखरू होतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. आधी दादा परत येऊ दे, फुलपाखरं काय, मागाहून येतील, असं मी ठरवून टाकलं. कोंबड्यासुद्धा त्या अळ्यांना तोंड लावत नसत, म्हणून मी त्या दगडानं चिरडायची. एकही सोडली नाही.

दादाचं पत्र आलं. फुलपाखरं येतात का, असं विचारलं होतं. घरात लिहिणारी मीच. "खूप येतात, परसभर," मी ठोकून दिलं. ते वाचून तंबूतली सगळी पोरं खूश झाली, असं त्यानं उलट कळवलं. मला लाज वाटायला हवी होती. मी चांगली फुशारले.

तिसऱ्या वर्षी तार आली. दादा गेला होता.

आईनं मारुतीला जायचं सोडलं. रुईला कुणी हात लावीना. अळ्यांनी झुडपं पार बोडकी केली, आणि महिन्याभरानं एका सकाळी परसात तांबूस फुलपाखरंच फुलपाखरं. आई मागच्या दारात खिळून उभी राहिली.

"त्येनं ह्यांच्यासाठी झाडं लावली व्हय गं? मग इतकी वरसं ही कुठं व्हती?"

"मला काय ठावं?" मी म्हणाले.

खरं सांगितलं असतं, तर लेकाची फुलपाखरं आपणच मारायला लावली, हेही तिला सोसावं लागलं असतं. ती जाईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. तिनं मात्र तार आली त्या दिवसापासून मारुतीशी कायमचं भांडण मांडलं. देवानं माळा घेतल्या आणि पोरगं परत दिलं नाही, असं म्हणायची, आणि मी मान खाली घालून ऐकायची.