आमच्या अंगणवाडीतले शहाणे पालक

मेडशीजवळच्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. वजनाचं रजिस्टर, आहाराचं रजिस्टर, हजेरीचं रजिस्टर, सगळं लिहून ठेवावं लागतं. पालकांच्या शहाणपणाचं रजिस्टर तेवढं सरकारनं दिलं नाही. दिलं असतं तर पहिल्याच वर्षी भरलं असतं. म्हणून ते माझ्या डोक्यातच साठत गेलं.

चार वर्षांच्या श्लोकचे वडील एकदा अचानक आले. पोरं तूर आणि सोयाबीनचे मिसळलेले दाणे वेगळे करत बसली होती. त्यांचं तोंडच उतरलं. "ताई, दाणे निवडाले घरी बाया आहेत. याले एबीसीडी कवा शिकवता?"

मी त्यांना बसवून सांगितलं, की यातूनच बोटं पेन्सिलीला तयार होतात, मोजणं येतं. श्लोकनं दहा-दहा दाण्यांच्या ढिगल्या लावल्या होत्या, त्याही दाखवल्या. त्यांना पटलं म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पेन्सिल आणि एक लाकडी पट्टी पाठवली. पेन्सिल श्लोकसाठी, पट्टी माझ्यासाठी!

त्या पट्टीनं आम्ही परसातल्या भेंडीच्या रोपांची उंची मोजली.

मीही काही कमी शहाणी नव्हते. नवीन असताना रंगीत ठोकळ्यांचा डबा आला. एखादा हरवला तर तपासणीत काय दाखवू, म्हणून तो मी कपाटात कुलूपबंद केला. तपासणीला आलेल्या मॅडमनी एकेक ठोकळा मोजला आणि एकावरही ओरखडा नाही म्हणून माझं कौतुक केलं. बाहेर ओट्यावर पोरं बाटल्यांची झाकणं एकावर एक रचत होती.

मग आमच्या एक आजीबाई. नातू धावताना उंबरठ्यावर अडखळून पडला, की त्या उंबरठ्याला दोन चापट्या मारायच्या आणि नातवालाही मारायला लावायच्या. पोरगं लगेच गप्प. एकदा तो रांगणाऱ्या बहिणीला अडखळून पडला. उठला आणि आजीनं शिकवलं होतं तसंच केलं, बहिणीला दोन चापट्या! त्याबद्दल आजीनं त्याला बदडलं. वर मला येऊन विचारतात, "ताई, हा मारा-झोडाचं कुठून शिकून राह्यला? अंगणवाडीतून?"

पालकसभेत मी मुलांना मारू नका म्हटलं, की एकजण उठतोच. मागच्या सभेत एक तरुण बाप छाती काढून उठला. म्हणे, "मले माह्या बापानं पट्ट्यानं मारलं. मी काय बिघडलो?"

त्याची बायको शेजारीच बसली होती. ती उठली आणि बायांच्या रांगेत शेवटी जाऊन बसली.

आता एक किस्सा संतोषभाऊंचा. फाट्यावर त्यांचा पानठेला आहे. माणूस तसा कष्टाळू, पण हात फार लवकर उठतो. एक दिवस ते त्यांच्या पोरीला, आर्वीला न्यायला जरा आधीच आले. पाच पोरं घर-घर खेळायची तयारी करत होती. मी त्यांना दारातच थांबायला सांगितलं.

आई कोण, ते ठरलं. बाबा व्हायला तिघं तयार. आर्वी म्हणाली, "मंग लेकरू कोन होते?"

कोणीच हात वर करेना. मी विचारलं, काहून रे, लेकराला तर नुसतं खेळायचं असतं. आर्वीनं मला काहीच कळत नसल्यासारखं पाहिलं.

"लेकरू झालं का मार बसते, ताई."

शेवटी त्यांनी एक उशी आणली आणि तिलाच लेकरू करायचं ठरवलं. तेवढ्यात संतोषभाऊंनी दारात चपला काढल्या. आत आले आणि पोरांच्या मधोमध मांडी घालून बसले.

"मी होतो लेकरू," ते म्हणाले.

पोरं आर्वीकडं पाहायला लागली. तिनं मग उशी बाजूला ठेवली, जवळ गेली आणि त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली, "बाबा, रडू नका हं. रडलं का अजून बसते."