गल्लीची सरासरी

मोठ्या दिराला लकवा झाला, तेव्हा त्याचा रक्तदाब किती असायचा हे घरात कोणालाच सांगता आलं नाही. कोणी कधी मोजलाच नव्हता. पुढे मरेपर्यंत तो लोखंडी खाटेवर पडून राहिला आणि त्याचं सगळं मी केलं. ती खाट अजून आमच्या माळ्यावर आहे.

म्हणून आमच्या म्हाताऱ्याला चक्कर आली, तेव्हा मी रडत बसले नाही. मुलाला फोन करून मशीन मागवलं. पट्टा दंडाला बांधायचा, बटण दाबायचं, आकडा येतो. चौथी शिकलेल्या बाईला तेवढं जमतं. पण गोळी चालू असूनही सकाळी कधी एकशे पंचावन्न यायचा, कधी एकशे साठ. माझी झोप उडाली.

आम्ही मूळचे नरडाण्याकडचे, आता राहतो मेहरूणला. डॉक्टर मात्र धुळ्याचे, दिराला पाहायचे तेच. एसटीने गेलो. त्यांनी विचारलं, "आजी, नेहमी किती असतो?"

"रोज वेगळा असतो. कोणता सांगू?"

"मशीन आणलंय ना? यात सगळे साठलेले असतात. सरासरी तेच काढतं." त्यांनी बटण दाबलं. एकशे अठ्ठावीस. "छान आहे की! गोळी अर्धी करू."

म्हातारा फुलला. "देख, माले काहीच व्हयेल नही. तू फुकट घोर करस."

मला मात्र ती खाट दिसायला लागली. मी म्हटलं, "डॉक्टर, इतका कमी आकडा मी एकदाही पाहिला नाही."

"सरासरी असते, आजी. वरचे-खालचे सगळे मिळून."

"पण खालचे आले कुठून?"

म्हातारा पंख्याकडे बघायला लागला. त्याने काही केलेलं असलं की तो असाच वर बघतो.

मी विचारलं, "दुपारी मशीन घेऊन ओट्यावर काय करता?"

"काय करस? गल्लीना लोके येतस. मोजी देस."

"कोणाकोणाचं?"

"बठ्ठासनं. दूधवाला, शेजारनी सून, शाळाना पोरे बी. हात पुढे करतस, नही कसं म्हणू?"

डॉक्टर खूप हसले. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे ही गल्लीची सरासरी. आबा, तुमची गल्ली ठणठणीत आहे. तुमचं काय, ते यातून कळत नाही."

त्यांनी मशीनमधलं सगळं पुसून टाकलं. आठवडाभर फक्त ह्यांचाच मोजा, रोज सकाळी, चहाच्या आधी; मग आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा आणि मधला मला कळवा, असं सांगितलं. तोवर गोळी आहे तीच.

मशीन मी गव्हाच्या कोठीत ठेवलं. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "काय अक्का, झिजतं का ते?" मी म्हटलं, "झिजतं."

एका सकाळी म्हातारा नळाच्या पाण्यावरून भांडून आला आणि आकडा आला एकशे नव्वद. दिवसभर मी त्याचं तोंड वाकडं झालंय का, तेच बघत होते. तो म्हणाला, "एवढं काय न्याहाळस? लग्नात बी नही न्याहाळं."

आठवडा संपल्यावर जुन्या कॅलेंडरच्या चिठ्ठ्या फाडल्या, एकेकीवर एकेक आकडा लिहिला आणि फरशीवर ओळीने मांडल्या. मशीन काढतं तशी सरासरी आधी काढली, बेरीज करून सातने भागलं. पण भांडणाचा तो एक आकडा सगळ्यांना वर ओढत होता. तो ओळीच्या टोकाला पडला आणि मध्ये राहिला एकशे अठ्ठावन्न. म्हणजे भांडण नसलं तरी नेहमीचा एवढा. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "अर्धी करायची नाहीच. गोळी बदलू."

नवी गोळी सुरू झाली आहे. आज सकाळी एकशे छत्तीस आला. म्हातारा लगेच ओट्यावर सांगत सुटला. एका आकड्याचं मला कौतुक नाही. आठवडा होऊ दे, पुन्हा चिठ्ठ्या मांडीन. मधला खाली आलेला दिसला, तर खाट भंगारवाल्याला देईन.