अक्काच्या म्हशींची मोटार

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ तर कधीच बसला नाही. चौथीपर्यंत शिकले, त्यानंतर पेन हातात आला तो दुकानातल्या पावत्या लिहायला. कुणी हे वाचलंच, तर चुका पोटात घालाव्यात. चार माणसांत मला तोंड उघडता येत नाही, म्हणून वहीत लिहिते.

आमचं दुकान जळकोटला, हमरस्त्याच्या कडेला. आमचे हे डिझेल इंजिनं, विहिरीवरच्या मोटारी, कधी ट्रक दुरुस्त करायचे. बहात्तरच्या दुष्काळानंतर दहा-बारा वर्षांनी पाऊस पुन्हा दगा देऊ लागला. विहिरी आटल्या, तसं ह्यांचं कामही आटलं. माझी थोरली बहीण, अक्का, बेंबळीला असायची. नवरा गेलेला. दूध सोसायटीला दूध घालून घर चालवायची. कडबा मिळेना झाला तेव्हा तिनं दोन्ही म्हशी विकल्या आणि पैसे माझ्याजवळ आणून ठेवले.

"घरात दीर हायत, भावकी हाय. तुझ्याजवळ ऱ्हातील," ती म्हणाली. "पाऊस पडला की म्हशी घ्यायच्यात."

मी पैसे तुरीच्या डाळीच्या डब्यात, डाळीखाली ठेवले.

त्याच उन्हाळ्यात हैदराबादकडं निघालेली एक मोटार आमच्या दारात बंद पडली. दोनच माणसं बसतील एवढी, बुटकी, लांब नाकाची, वर कापडाचा टप. शर्यतीची गाडी म्हणायचे तिला. मालक कंटाळला होता. तीन गावच्या मेस्त्रींना पैसे देऊन झाले होते. येईल त्या किमतीला देतो म्हणाला. ह्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ बघितलं आणि आत आले.

"इंजिन चांगलं हाय. बारक्या खोड्या हायत. दोन महिन्यांत दुपटीनं जाईल."

आणि डब्याकडं बघितलं. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. निदान अक्काला विचारते म्हणायला पाहिजे होतं. मी डबा खाली काढून दिला.

सुरुवातीला सगळं बरं चाललं होतं. गाडी सुरू होत नव्हती. ह्यांनी प्लग काढून काजळी खरवडली, ठिणगीचे पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून तळाचा गाळ पेट्रोलनं धुतला. नटबोल्ट ज्या क्रमानं निघत त्या क्रमानं ताटात मांडायचं काम माझं होतं. दिवे मिणमिणत होते. हे म्हणाले, दिवा मंद झाला की बल्ब बदलू नये, वायर पत्र्याला जिथं टेकते तिथं बघावं. तिथं गंज होता. घासून चकचकीत केला आणि दिवे भक्कन लागले. त्या दिवशी मला वाटलं, अक्काला कळायच्या आत पैसे डब्यात येतील.

मग गाडी तापायला लागली. चार मैल गेली की काटा लाल खुणेवर, आणि नाकातून वाफ. ह्यांना वाटलं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची पट्टी, गेलं. इंजिनाचं डोकं उतरवलं, सोलापूरहून नवं गॅस्केट आणून बसवलं. गाडी तापलीच. पंख्याचा पट्टा ताणला. पाण्याचा पंप खोलला. तरी तापलीच. एकेक सामान आणताना डब्यातले उरलेले पैसेही संपले. रोज संध्याकाळी मी एक बादली बोअरचं पाणी आणून गाडीत ओतायची.

तेव्हा गोडं पाणी टँकरचं. घराला दोन घागरी, पिण्यापुरत्या. बोअरचं पाणी मचूळ, त्यात साबणाला फेस येत नसे, डाळ शिजत नसे. मोटारीच्या तोंडात कुणी गोडं पाणी ओतलं असतं तर गल्लीतल्या बायांनी मला दारात उभं केलं नसतं. त्यामुळं खारं पाणी ओततोय, याचा विचार आम्हा दोघांच्याही मनात कधी आला नाही.

श्रावण लागायच्या सुमाराला बेंबळीचा एक माणूस एसटीतून उतरून निरोप सांगून गेला. तिकडं पाऊस झाला होता, गवत आलं होतं, अक्कानं म्हशी बघून ठेवल्या होत्या. पुढच्या बाजाराला पैसे न्यायला येणार होती. आमच्याकडं नुसतेच ढग. मी त्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या दिवशी भाकरी थापताना डोक्यात पैसेच होते. दोन भाकरी तव्यावरच करपल्या.

ह्यांनी एक गिऱ्हाईक गाठलं. बोअर पाडणारे गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार. दुष्काळानं त्यांना मात्र बरे दिवस दाखवले होते. ते गॉगल लावून आले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"नळदुर्गचा चढ न थांबता चढली तर घेतो," ते म्हणाले. "मधी धूर सोडला तर तुमची म्हातारी तुमच्याच दारात बांधा."

बाजाराच्या आदल्या दिवशी येतो म्हणाले. मधे सहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी गाडी फिरवून आणल्यावर मी ओल्या फडक्यानं पुढची धूळ पुसत होते. पाण्याची जाळी, म्हणजे रेडिएटर, पुसली. कडेला फडकं फिरवलं तिथली ओल लगेच उडाली. मधला भाग मात्र ओलाच राहिला. हात लावून बघितलं. कडा चटका देत होत्या, मधे गार. मला आमच्या अंघोळीच्या हंड्याची आठवण झाली. बोअरच्या पाण्यानं त्याच्या आत बोटभर पांढरं साचलेलं असायचं आणि पाणी तापायला दुप्पट जळण लागायचं. मी तो हंडा चिंचेनं घासायची.

काम पुरुषांचं होतं, तरी जेवायला वाढताना म्हटलं, "अहो, ती जाळी मधी गार हाय."

ते घास तसाच ठेवून उठले. हात लावून आले.

"आतल्या नळ्या बुजल्यात," ते म्हणाले. "सोलापूरला न्यावं लागंल. पैसे कुठायत?"

"चिंचेचं पाणी घातलं तर?"

"मोटार हाय ती. तांब्या न्हाय."

"पितळच हाय की आत."

ते हसले, पण नको म्हणाले नाहीत. त्या दिवसांत मी एका व्यापाऱ्याकडं चिंच फोडायच्या कामाला जायची. उरलेल्या शिरा आणि मोडका गर मागून आणला, उकळला, फडक्यातून गाळला. ह्यांनी तो रेडिएटरमध्ये भरून इंजिन गरम केलं आणि नळ सोडला. तांबडा चिखल आला, त्यात अंड्याच्या टरफलासारखे पांढरे पापुद्रे. असं तीनदा केलं. चौथ्यांदा साधं पाणी घातलं, तर खालून ठिबकायला लागलं. त्या थरानंच एक भोक बुजवलेलं होतं. थर गेला आणि भोक उघडं पडलं.

मी ठिबकणाऱ्या पाण्याखाली ताट सरकवलं. असलेली गाडीही मी घालवली, असं वाटलं.

गावात कल्हई लावणारे एक चाचा होते. ह्यांनी रेडिएटर उतरवून त्यांच्याकडं नेला. मागं मीही गेले. चाचांनी भाता चालवला, नवसागर टाकून भोक साफ केलं, कथलाचा डाख लावून बुजवलं.

"चाचा, मोटारीचं काम हाय, टिकंल ना?" ह्यांनी विचारलं.

"छेदाला काय मालूम, हंडा हाय का मोटार," चाचा म्हणाले. "लेकिन आता खारं पाणी घालू नका, बेटी."

मी टँकरच्या दोन्ही घागरी गाडीत रिकाम्या केल्या. दोन दिवस आम्ही मचूळ पाणी प्यायलो. शेजारणीनं बघितलं आणि गल्लीभर सांगितलं, "मोटारीला गोडं, नवऱ्याला खारं."

ठरल्या दिवशी गुत्तेदार आले आणि हे त्यांच्या शेजारी बसून गेले. मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. नळदुर्गकडून येणारी प्रत्येक गाडी मला तीच वाटायची. त्यातल्या कुणीतरी सांगेल, वाटेत एक बुटकी मोटार उभी आहे म्हणून, असं सारखं वाटत होतं. शेवटी ती आली. गुत्तेदारांनी स्वतः बॉनेट उघडलं. वाफ नव्हती. मग त्यांनी कापडाचा टप बघितला, फाटलाय म्हणाले, सीटचे स्प्रिंग बघितले, आणि किंमत पाडली. हे माझ्याकडं बघत होते. अक्का उद्या येणार होती. मी मान हलवून हो म्हटलं.

अक्काचे पैसे चौथाई कमी पडले.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी होते तेवढे पुढं ठेवले.

"बाकीचे?"

"मोटारीत गेले, अक्का."

"कंच्या मोटारीत?"

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "माझ्या म्हशी मोटारीत घातल्यास? दूध तरी देत हुती का ती?"

"अक्का, चूक माझी हाय," हे दारातून म्हणाले.

"तुम्ही गप बसा, पाव्हणं. ठेव मी हिच्यापाशी ठिवली हुती."

तिनं एकच म्हैस घेतली. दुसरीच्या पैशासाठी मी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चिंच फोडली, हातांना भेगा पडल्या. ह्यांनीही चार कामांतून काढून दिले. जमतील तसे घेऊन मी एसटीनं बेंबळीला जायची. अक्का ते घ्यायची, पण माझ्याशी जास्त बोलायची नाही. तोडून बोलली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटचे पैसे घेऊन गेले तेव्हा ती सोसायटीत दूध घालून रिकामी कॅन घेऊन येत होती. वाटेतच मी तिच्या हातात दिले. तिनं उभ्या उभ्याच मोजले, पदराच्या गाठीत बांधले.

"झालं. फिटलं सगळं," ती म्हणाली. "चल, दुसरी म्हस कशी आणायची ते बघू."